ब्रिनाला दिलेलं उत्तर

"असं म्हणवेल का गं, दारिंका? तो माणूस इथे, या खुर्चीत बसला असेल, तर त्याच्या तोंडावर म्हणवेल?"

हा आवाज संपादक अव्गुस्तिन कात्सिन यांचा. खरखरीत आणि सावकाश, लाकडी जिन्यावरून जपून उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी ते खिडकीला पाठ करून उभे राहायचे आणि शेवटचं पान मोठ्याने वाचायचे. त्या पानाला 'संपादकांची पत्रपेटी' म्हणत. ज्यांच्या कविता-कथा घेतल्या नाहीत, त्यांना तिथे दोन-तीन ओळींत उत्तर मिळायचं. हस्तलिखित परत जायचं नाही. लिहिणारा टोपणनाव धाडायचा, आणि त्या टोपणनावाला चारचौघांत, छापून, निकाल कळायचा. आमच्या भाषेतल्या मासिकांची ही रीत आजोबा-पणजोबांपासूनची. सम्राट गेला, राजा गेला, नकाशाचे रंग बदलले. मासिकं बंद पडली, दुसऱ्या नावाने उघडली, पण पत्रपेटी राहिली. पुष्कळ वर्गणीदार अंक मागूनच उघडायचे. दुसऱ्याला बसलेली चापट वाचायला कुणाला आवडत नाही?

कात्सिनसाहेबांच्या चापटीत हात मऊ असायचा. 'वसंतप्रेमी यांस: यंदाही आपल्याकडे कोकिळा फार झाल्या. एक ठेवा, बाकीच्या सोडून द्या. ठेवलेली कशी गाते ते कळवा.' असं काहीतरी. ते वाचून झालं की समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे, आणि मग मला तो प्रश्न. मी म्हणायची, "म्हणवेल की, साहेब." कधी म्हणायची, "नाही म्हणवणार." मग ते पेन्सिल घ्यायचे.

त्यांचा एक नियम होता. पत्रपेटीत गावाचं नाव नाही, गावाचं पहिलं अक्षरसुद्धा नाही. "आपला देश केवढा?" ते म्हणायचे. "एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला लोक 'देव भलं करो' म्हणतात. अक्षर दिलंस की माणूस दिलास."

मासिकाचं नाव 'गाझ'. रात्रभर बर्फ पडतो, सकाळी कुणीतरी पहिला निघतो, आणि त्याच्या पावलांची जी अरुंद वाट उमटते, ती गाझ. राजधानीत, ल्युब्ल्यानात, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. मी तिथे टंकलेखन, मुद्रितशोधन, कॉफी आणि शेगडी अशी चार खाती सांभाळायची. वय बावीस. आणि कविता लिहायची. कोण लिहीत नव्हतं म्हणा. आमच्याकडे पोस्टमनसुद्धा पिशवीच्या तळाशी स्वतःचं एक पाकीट बाळगून असायचा.

एकसष्टच्या फेब्रुवारीत कात्सिनसाहेबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात संत्री घेऊन गेले, तर ते उशीवरून म्हणाले, "अंक थांबायचा नाही. शेवटचं पान तू लिही. माझ्यासारखं लिही, पण उभी राहून वाच."

पत्रपेटीसाठी अकरा पाकिटं होती. दहा उरकली. अकराव्यात चौकटीच्या वहीची पाच पानं होती, पाच कविता, टोपणनाव 'ब्रिना'. ब्रिना म्हणजे आमच्या डोंगरउतारावरचं ते काटेरी झुडूप, निळ्या फळांचं. पाकिटावर इद्रियाचा शिक्का. पाऱ्याच्या खाणीचं गाव. तिथले खाणकामगार चाळिशीत पोचले की त्यांचे हात कापू लागतात. पारा हाडांत उतरतो. पहिली कविता ही होती:

बाप बसे न्याहारीला, दूध पेल्यात हिंदोळे
मायलेकी आम्ही दोघी खिडकीशी लावू डोळे
सांडलेला थेंब थेंब तसा मेजावर राही
तो उठून गेल्यावर फडक्याने पुसे आई

मी ती एकदा वाचली. मग शेगडीत लाकूड घातलं. पुन्हा वाचली.

त्याच अंकात माझ्या दोन कविता येणार होत्या. आठ महिने कात्सिनसाहेबांनी त्या माझ्याकडून घासून घेतल्या होत्या, तेव्हा कुठे होकार दिला होता. धुक्यावर एक, शेवाळावर एक. मुद्रितं माझ्यासमोरच पडली होती. मी एका हातात धुकं धरलं, दुसऱ्या हातात तो दुधाचा पेला. माझं धुकं नुसतं धुकं होतं. आणि या मुलीने, कोण कुठली, कुणी तिला घासून दिलं नव्हतं, एक अख्खं घर चार ओळींत बसवलं होतं. बापाकडे न बघणं ही माया आहे, हे मला कधी सुचलं नसतं. शंभर वर्षं शेवाळाकडे बघत बसले असते तरी.

मी लिहिलं:

'ब्रिना, इ.: दूध सांडले, हे समजले. कवितेचा थेंब मात्र मेजावर आढळला नाही. आपल्या गावी लेस विणण्याची शाळा उत्तम आहे असे ऐकतो.'

ते 'इ.' मीच घातलं. त्याशिवाय लेसचा टोमणा लागू पडत नव्हता. इद्रियाची लेस आंधळ्यालाही ठाऊक. वाक्य छान वळलं होतं, कात्सिनसाहेबांचा ढंग हुबेहूब उतरला होता. मी उभी राहिले नाही. बसूनच पान टाचलं आणि छापखान्यात दिलं.

तीन आठवड्यांनी साहेब काठी टेकत आले. अंक मागून उघडला. बराच वेळ त्या पानावर थांबले. मग एवढंच म्हणाले, "गावाचं अक्षर का घातलंस, दारिंका?"

मी म्हटलं, "चुकलं, साहेब."

त्यांनी कविता कशा होत्या ते विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून विचारलं नाही, की उत्तराची भीती वाटली म्हणून, ते आता कळायचं नाही. पानाखाली त्यांचं नाव होतं, नेहमीसारखं. नाव ज्याचं, बोल त्याचा.

तीन वर्षांनी, चौसष्टात, 'गाझ' बंद केलं गेलं. कुठल्याशा समितीला एक लेख खुपला. दोन माणसं छापखान्यात आली आणि शेवटच्या अंकाचे गठ्ठे घेऊन गेली. ग्रंथालयात ठेवायच्या प्रतीही त्याच गठ्ठ्यांत होत्या. सकाळी एकच पिशवी टपालात गेली होती, तेवढीच सुटली. कात्सिनसाहेबांना रेल्वेच्या वेळापत्रकांची मुद्रितं तपासायचं काम मिळालं. ब्याऐंशीत ते गेले. मी पुढे शाळेत शिकवलं. कविता त्यानंतर एकही लिहिली नाही.

आणि आता, चौऱ्याण्णवात, नवं राज्य आल्यावर सगळ्यांना जुन्या मासिकांची आठवण झाली. 'गाझ'चे सगळे अंक पुन्हा, जसेच्या तसे छापायचं ठरलं. प्रस्तावना मी लिहायची, कारण त्या खोलीत बसलेलं जिवंत माणूस आता मीच. फक्त तो शेवटचा अंक कुठेच मिळेना. वर्तमानपत्रात माझ्या नावाने, कात्सिनसाहेबांची जुनी मदतनीस म्हणून, निवेदन दिलं. दहा दिवसांनी पत्र आलं:

'माझ्याकडे सगळे अंक आहेत. शेवटचाही. या. पण द्यायच्या आधी मला एक गोष्ट विचारायची आहे. पावला शिंकोवेत्स, इद्रिया. तुमच्या मासिकात माझं नाव ब्रिना होतं.'

मी ते पत्र चार दिवस स्वयंपाकघरात ठेवलं. मीठ घेताना दिसायचं. पाचव्या दिवशी बसमध्ये बसले. अंक मिळाला तर कात्सिनसाहेबांचं काम पुरं होणार होतं. आणि तेहतीस वर्षं जे मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिच्या घरात, तिच्यासमोर, एक तर सांगावं लागणार होतं, नाही तर आणखी एकदा गिळावं लागणार होतं. वाटभर वळणं होती. मी दोन्ही बाजूंनी वाक्यं जुळवत होते.

घर चढावर, निमुळतं. दार एका पुरुषाने उघडलं. साठीकडे झुकलेला, रुंद खांद्यांचा, आणि हातात हलकासा कंप. पावलाचा नवरा राफ्को, खाणीतून निवृत्त.

"या बाई, या. संपादकांकडच्या ना? बूट राहू द्या. नको, काढाच, नाहीतर ही मला फरशी पुसायला लावेल."

"तुला कधी लावलीय?" आतून आवाज आला. "लावली असती तर पुसली असतीस का?"

पावला खिडकीशी बसली होती. मांडीपुढे लेसची लोडासारखी उशी, तिच्यावर टाचण्यांचं रान, आणि दोन्ही हातांत दोरा गुंडाळलेल्या लाकडी फिरक्या. ती उठली नाही. फिरक्यांची किटकिट चालूच राहिली.

"बसा. एवढं पान पुरं करते. मध्येच सोडलं की मोजणी चुकते."

पान म्हणजे लेसमधलं पान. मी बसले. राफ्कोने न विचारता तीन पेले मांडले आणि त्या निळ्या फळांची दारू ओतली. पेले अर्धेच भरले. कापऱ्या हाताचं माणूस पेला काठोकाठ भरत नाही.

"घ्या. ब्रिनाचीच आहे," तो म्हणाला. "मला चढली ती ब्रिना वेगळी."

"राफ्को."

"गप्प बसतो. तीस वर्षं गप्पच बसलोय. बाई, तुम्हाला सांगतो, माझ्यावर हिने जन्मात एवढा राग धरला नाही जेवढा त्या तुमच्या संपादकावर धरलाय. मला कधीकधी त्याचा हेवा वाटतो."

पावलाने फिरक्या बाजूला लावल्या, चष्मा काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. पंचावन्नची मी, बावन्नची ती. दोघींचे केस सारखेच पांढरे.

"तुम्ही अंकासाठी थांबला असाल," ती म्हणाली. "तो तिथे आहे." कपाटात खालच्या फळीवर सगळे अंक ओळीने उभे होते, पुठ्ठ्यात, कण्यावर वर्षं घातलेले. ग्रंथालयातही इतके नीट नव्हते.

"तुम्ही वर्गणी चालू ठेवलीत?" माझ्या तोंडून निघालं. "त्यानंतरही?"

"का नाही? मासिकाने माझं काय केलं होतं? केलं ते एका माणसाने." ती जराशी हसली. "आणि खरं सांगू का, वाटायचं, कधीतरी तो पुन्हा लिहील. 'ब्रिना, परत पाठवा.' एवढंच. दर महिन्याला अंक मागूनच उघडायची."

मी दारूचा घोट घेतला.

"तुम्हाला माहीत नसेल, इथे काय झालं ते. शहरात बसून कळत नाही. 'इ.' छापलं ना, इथे कितीशा मुली टपालात पाकीट टाकत होत्या? पोस्टातल्या बाईंनी ओळखलं. संध्याकाळपर्यंत लेसशाळेला कळलं. मी तिथे शिकवायची तेव्हा, एकोणिसाव्या वर्षी. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पेला काढलेला, आणि खाली थेंब. 'दूध सांडलं का, ब्रिना?' म्हणायचे. पोरीबाळी, दुकानदार, सगळे. तेही चाललं असतं. पण माझ्या वडिलांनी वाचलं."

राफ्कोने खिडकीबाहेर बघितलं.

"त्यांना कविता माहीत नव्हती. उत्तरातून कळली. दूध कुणाचं सांडतं ते आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. त्यांनी विचारलं, 'पोरी, तू माझ्यावर लिहिलंस?' मी म्हटलं, नाही. त्या दिवसापासून ते आमच्याबरोबर न्याहारीला बसेनासे झाले. गोठ्यात जाऊन प्यायचे. मरेपर्यंत."

चुलीवर झ्लिक्रोफी, तिथल्या कणकेच्या भरल्या पुरचुंड्या, उकळत होत्या, बटाट्याच्या सारणाचा आणि कांद्याचा वास येत होता. मला वाटलं, आत्ता बोलावं. तोंड उघडलंही. पण राफ्कोने ते दुसऱ्याच कशासाठी उघडलंय असं समजून बशी पुढे केली, आणि मी भाकरीचा तुकडा उचलला.

"मी मात्र सूड घेतला," तो म्हणाला. "ही सांगायची नाही, मी सांगतो. बासष्टात तो संपादक इथे आला होता, कामगारांच्या सभागृहात, वाचन करायला. आमचं तेव्हा नुकतंच जुळत होतं. मी काय केलं, त्याच्या टेबलावर पाण्याच्या जागी दुधाचा पेला ठेवला. काठोकाठ. सगळं सभागृह फुटलं हसून."

"मग?" माझा आवाज मलाच लांबून आला.

"मग काय. त्याने पेल्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. समजलं त्याला, चेहऱ्यावरून दिसलं. मला वाटलं, आता चिडेल, नाहीतर काहीतरी बाजू मांडेल. तो प्यायला. सगळा. सावकाश. तोंड पुसलं आणि म्हणाला, 'आभारी आहे,' आणि वाचायला लागला. लोकांचं हसणं घशातच राहिलं. मला तेव्हा राग आला, असा कसा हा निर्लज्ज. आता वाटतं, निर्लज्ज माणूस असा पीत नाही. पण जाऊ दे."

मला ती सोमवारची सकाळ आठवली. कात्सिनसाहेब इद्रियाहून परत आलेले, कोट खुंटीला लावत असलेले. मी विचारलं होतं, वाचन कसं झालं? ते म्हणाले होते, "तिथलं दूध चांगलं आहे." मी हसले होते. मला वाटलं होतं, म्हातारा आता पथ्यावर आहे.

"लिहिलं नाहीत पुन्हा?" मी पावलाला विचारलं. विचारायला नको होतं.

"कशाला? मोठ्या माणसाने सांगितलं ना, लेस विण. विणली. बक्षिसं मिळाली मला लेसला, भिंतीवर बघा." तिने बघितलंही नाही तिकडे. "त्या पाच कवितांची दुसरी प्रत नव्हती माझ्याकडे. पहिल्या कवितेच्या दोन ओळी आठवतात, पुढचं गेलं. बाकीच्या चार तर मुळीच नाहीत. चांगल्या नसतीलच. चांगलं असतं ते राहतं."

ती उठली, कपाटाशी गेली. मला वाटलं, अंक काढतेय. पण तिने एक शाळकरी वही काढली, कडा पिवळ्या पडलेली, आणि माझ्या हातात दिली.

"हे मात्र मी तेव्हा उतरवून घेतलं होतं. त्याच अंकातून. म्हटलं, ज्या कविता ते छापतात त्या कशा असतात ते तरी शिकावं."

जांभळ्या शाईत, गोल, जपून काढलेल्या अक्षरात माझ्या दोन कविता होत्या. धुकं आणि शेवाळ. खाली माझं नाव, लग्नाआधीचं. काही शब्दांखाली तिने रेघा मारल्या होत्या, शिकणाऱ्या पोरीने माराव्यात तशा.

"दारिंका नाव वाचलं निवेदनात तुमचं, तेव्हा वाटलं, ह्याच असतील," ती म्हणाली. "तुम्हीच ना? छान होत्या हं. मला तेव्हा कळल्या नव्हत्या फारशा, पण छान असणार. मी रोज वाचायची."

वही माझ्या मांडीवर होती. ती मिटावी कशी हेही मला सुचेना.

पावला परत खिडकीशी बसली. फिरक्या हातात घेतल्या, पण चालवल्या नाहीत.

"आता माझी गोष्ट. अंक तुम्ही घेऊन जा, सगळे घेऊन जा हवे तर, मी अडवायची नाही. प्रस्तावनेत त्याच्याबद्दल काय चांगलं लिहायचं ते लिहा, मेलेल्या माणसाशी काय भांडायचं. मला एकच सांगा. तुम्ही त्याच्या शेजारच्या टेबलाशी बसायचात. ते लिहिताना तो हसला होता का?"

राफ्को म्हणाला, "अगं, बाईंना आता कसं आठवणार? तेहतीस वर्षं झाली."

"मी त्यांना विचारलंय."

माझ्याकडे एक उत्तर तयार होतं. बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांतूनच बेतलेलं. 'नाही हो, हसले नव्हते, आजारी होते तेव्हा.' त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. तिला बरं वाटलं असतं, कात्सिनसाहेबांनाही जरा उजळ माथा मिळाला असता, अंक पिशवीत पडला असता, आणि चारच्या बसने मी घरी पोचले असते. ते उत्तर जिभेवर आलं होतं. तिचे डोळे माझ्यावर होते. तिने ते खिडकीकडे वळवले नाहीत, माझी लाज राखायला दुसरीकडे बघितलं नाही.

मी वही टेबलावर ठेवली आणि उभी राहिले.

"पावलाबाई," मी म्हटलं, "कात्सिनसाहेब त्या महिन्यात दवाखान्यात होते. ते पान त्यांनी छापून आल्यावर पाहिलं. तुमच्या कविता त्यांच्या हातात कधी पडल्याच नाहीत. त्या मी उघडल्या. उत्तर मी लिहिलं, आणि गावाचं अक्षरही मीच घातलं, त्यांचा नियम मोडून. त्यांनी ते आयुष्यभर स्वतःच्या नावावर राहू दिलं. मी हसले नव्हते. माझ्या या कविता समोर होत्या, आणि तुमच्या वाचून मला कळलं होतं की या काहीच नाहीत. तुमच्या चांगल्या होत्या, पावलाबाई. फार चांगल्या होत्या, म्हणून तसं लिहिलं. पाचही मला पाठ आहेत."